गौरीजेवणाला चाळीस पानं: किती करायचं, म्हणजे टाकायची वेळ येणार नाही?

कर्वेनगरची_धाकटी

नमस्कार मंडळी. यंदा गौरी आमच्या घरी बसणार आहेत. आजवर मोठ्या जाऊबाईंकडे असायच्या, पण त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. जेवायला चाळीसेक जण असतील. धायरी, चिंचवड, शिवाय सोलापूरहून मामेसासरे आणि त्यांची मंडळी. पुरणपोळी, सोळा भाज्या, कटाची आमटी, मसालेभात, भजी, पंचामृत, असा नेहमीचाच बेत.

स्वयंपाकाची मला काळजी नाही, मदतीला हात पुष्कळ आहेत. काळजी उरण्याची आहे. दरवर्षी गौरीविसर्जनाच्या सकाळी ओल्या कचऱ्याच्या डब्यात आंबलेला भात, चटण्या, आदल्या दिवशीच्या पोळ्या असं सगळं जातं, आणि ते मला अजिबात बघवत नाही. सासूबाईंचं म्हणणं, देवीच्या दिवशी कमी पडता कामा नये. तेही पटतं.

तर एवढ्या माणसांना नक्की किती लागतं? कुणी मापात सांगू शकेल का? शिवाय ओटीचे नारळ, पेढ्यांचे बॉक्स आणि पाच दिवसांची फुलं, यांचं तुम्ही काय करता?

बाणेरवाला

माझं थोडक्यात. गणपती यायच्या आठवडाभर आधी फ्रीज रिकामा करत आणा. त्या दिवसांत नवीन भाजी भरायची नाही, जे आहे तेच संपवायचं. उरलेलं ठेवायला जागा नसते म्हणूनही बरंच अन्न टाकलं जातं. आणि घरच्या ग्रुपवर "येणार ना?" असं विचारू नका. "दुपारच्या पंगतीला किती जण, रात्री किती जण, लहान मुलं किती" असं विचारा. आकडा पन्नासवरून अडतीसवर येतो, आमच्याकडे येतोच.

नारायणपेठ_काकू

तुला एकेरीत लिहिते हं, माझ्या मुलीच्या वयाची असशील. नारायण पेठेत माझं पोळी-भाजी केंद्र होतं, आता सून बघते. मंगळागौर, केळवण, डोहाळजेवण, मुंजीचं घरगुती जेवण, श्राद्धाचं पान, सगळ्या ऑर्डरी केल्या आहेत. तेव्हा अंदाजाचं मी सांगते, आणि जरा सविस्तर सांगते, कारण हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

आधी एक गोष्ट पक्की धर. राखीव ठेवायचं ते कच्चं ठेवायचं. घराघरांत अन्न उरतं ते "कमी पडलं तर?" या धास्तीने. मग भातात दोन मुठी जास्त, आमटीत तांब्याभर पाणी जास्त, भाजीत दोन बटाटे जास्त. पदार्थ दहा-बारा, प्रत्येकात थोडं थोडं, की रात्री आणखी एक पंगत बसेल एवढं पातेल्यांत शिल्लक. ती धास्ती काही खोटी नाही. पाहुणा पानावर बसलाय आणि भात संपला, ही कोणत्याही घराला लाज आणणारी गोष्ट. पण त्यासाठी जास्तीचं पातेलं शिजवायची गरज नसते. निवडलेले तांदूळ डब्यात, कणीक झाकून, बटाटे उकडून सालीसकट, पुरण वाटून गार करून फ्रीजमध्ये. एवढं हाताशी असलं की अर्ध्या तासात आठ-दहा पानं वाढतात. नाही लागलं तर तांदूळ पुन्हा डब्यात, बटाटे दुसऱ्या दिवशीच्या भाजीला, पुरण तीन-चार दिवस चांगलं राहतं. शिजवलेला मसालेभात मात्र भाद्रपदाच्या दमट हवेत रात्रीपर्यंत टिकला तर टिकला.

आता मापं. चाळीस माणसं म्हणजे चाळीस पानं धरू नकोस. दहा वर्षांखालची दोन मुलं मिळून एक पान. सत्तरीच्या पुढची माणसं पुरणपोळी अर्धीच घेतात. मधुमेहाचे दोघे-तिघे प्रत्येक घरात असतात. म्हणजे तुझी पूर्ण पानं तीस-बत्तीस झाली.

पुरणाची पोळी, भजी, भाज्या असलेल्या पंगतीत माणशी ऐंशी ग्रॅमपेक्षा जास्त तांदूळ लागत नाही. वरणभात आणि मसालेभात दोन्ही मिळून अडीच किलो तांदूळ भरपूर झाले. त्यातलेही दोनच किलो शिजव, अर्धा किलो डब्यात राहू दे. पहिली पंगत उठली की पातेल्यात डोकावून ठरव.

पुरणाचं गणित असं की किलोभर हरभराडाळ आणि तेवढाच गूळ घेतला तर मध्यम आकाराच्या पस्तीसेक पोळ्या होतात. माणशी दीड पोळी धर. दीड किलो डाळ तुला पुरून उरेल. पोळ्या मात्र सगळ्या सकाळी लाटून डबा भरून ठेवू नकोस. पंगत बसताना दोघी तव्यावर असू दे, दोन तवे लाव. गरम पोळी पानात पडते तेव्हा माणूस ती संपवतो. गार, कडक झालेली अर्धी पोळी पानात तशीच राहते, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

बटाट्याची भाजी एरवी दहा जणांना किलो लागते, पण सोबत सोळा भाज्या आहेत म्हणजे अडीच किलो बटाट्यांत भागेल. आणि त्या सोळा भाज्यांचं ऐक. मान आहे तो सोळा प्रकारांचा. प्रत्येक भाजी पावशेर-पावशेर आणली तरी चार किलो होते, आणि ती मिसळीची भाजी चाळीस माणसं चमचा-दोन चमचेच घेतात. ऋषिपंचमीला मंडईत मिश्र भाज्यांचे वाटे मिळतात, तसा वाटा गौरीसाठीही बघ. नाहीतर सोसायटीतल्या आणखी दोन गौरीवाल्या घरांना विचार, भाज्या एकदाच आणा आणि निवडून तीन वाटण्या करा. आमच्या वाड्यात पूर्वी असंच चालायचं.

डावी बाजू हा सगळ्यात जास्त वाया जाणारा भाग, आणि त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. चटणी, कोशिंबीर, पंचामृत हे पानात चमचाभर वाढायचे पदार्थ. चाळीस पानांना ओल्या खोबऱ्याची चटणी दोन नारळांची होते. पंचामृत मध्यम वाडगाभर. कोशिंबिरीची काकडी चोचवून ठेव, पण मीठ आणि दही पंगतीगणिक घाल. एकदम कालवून ठेवलीस तर तिसऱ्या पंगतीला तिचं पाणी झालेलं असतं आणि मग ती मोरीत जाते.

भज्यांचं पीठ तीन वेळा थोडं थोडं भिजव. उरलं तर ते कोरडं बेसन उरलं पाहिजे.

वाढण्याबद्दल. शक्य असेल तर पंगत बसव, टेबलावर मांडून "हातानं घ्या" करू नकोस. हातानं घेणारा माणूस आधी डोळ्यांनी वाढून घेतो, मोठं ताट असलं की ते भरावंसंच वाटतं. वाढप्याच्या हातात लहान डाव दे. पहिल्यांदा सगळं थोडं, मग तीनदा विचारत फिरा. आग्रह जरूर करा, आग्रहाशिवाय आपलं जेवण कसलं! पण "नको" म्हणून पानावर हात आडवा धरला की तिथे थांबायचं. हात बाजूला करून पोळी टाकायची पद्धत आता सोडायला हवी. ती पोळी कुणी खात नाही. मुलांना तर अर्धीच पोळी वाढायची आणि ती संपली की पुन्हा.

आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगते. कामाच्या ताई, वॉचमन, कचरा न्यायला येणाऱ्या मावशी, यांना द्यायचं असेल तर नैवेद्य झाल्याबरोबर त्यांचे डबे आधी भरून बाजूला काढ. गरम, ताजं, पुरणपोळीसकट. संध्याकाळी उरलं म्हणून पिशवीत भरून देणं मला कधीच पटलं नाही. त्यांच्या घरीही सण असतो, आणि आठ तास बाहेर राहिलेला भात त्यांच्या मुलांच्या पोटालाही तितकाच वाईट. त्यांचीही पानं धरूनच आकडा काढायचा. मग ते दान उरल्यासुरल्याचं राहत नाही.

तरी उरलंच तर शेवटची पंगत उठल्यावर गप्पा मारत बसायच्या आधी ते आवर. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या वर बाहेर ठेवायचं नाही, भात तर नाहीच. मोठ्या पातेल्यात भात तासन्‌तास आतून गरम राहतो आणि तिथेच खराब होतो. तो परातीत पसर, निवला की उथळ डब्यांत भरून फ्रीजमध्ये टाक. पानात वाढलेलं आणि पातेल्यातलं एकत्र करायचं नाही. फोडणीचा भात, पोळीचा कुस्करा, भाजीचं थालीपीठ हे तुला मी सांगायला नको.

कर्वेनगरची_धाकटी

काकू, तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत, फार बरं वाटलं. मापं वहीत उतरवून घेतली. सासूबाईंना वाचून दाखवलं. डबे आधी काढायचं त्यांना लगेच पटलं. पण तांदूळ अडीच किलो म्हटल्यावर म्हणाल्या, "मोजूनमापून केलं तर लोक म्हणतील हात आखडता घेतला." यावर काय बोलू?

आणि नारळांचं राहिलंच. पंधरा-वीस तरी येतात. पेढे वेगळे.

नारायणपेठ_काकू

त्यांना म्हणावं, पोळीवर तुपाची धार सढळ हाताने सोडा! सढळपणा तिथे दिसतो. पातेल्यात किती उरलं हे पाहुण्याला दिसतही नाही. आणि राखीव तांदूळ त्यांच्याच ताब्यात दे. कधी शिजवायचे ते त्यांनी सांगायचं. घरातल्या मोठ्या बाईचा शब्दही राहतो आणि तिची काळजीही मिटते. कटाची आमटी शोधून काढली ती त्यांच्यासारख्या बायकांनीच ना? पुरणाच्या डाळीचं पाणी ओतून न देता त्याची अशी आमटी केली की लोक पोळीपेक्षा तिच्याचसाठी पान पुढे करतात. दोडक्याच्या शिरांची चटणी, तूप कढवल्यावर राहिलेली बेरी कणकेत घालणं, हे सगळं त्यांनी केलेलं असणार. त्यांना ते विचार. मोजून करणं त्यांच्या पिढीला परकं नाही.

नारळाचं सोपं आहे. शेंडी असलेला न फोडलेला नारळ गार, कोरड्या जागी महिनाभर राहतो. तेव्हा सगळे एकदम फोडायचे नाहीत. फोडलेला मात्र त्याच दिवशी खवून, वाटी-वाटीच्या पिशव्या करून बर्फाच्या कप्प्यात टाक. पुढचे दोन महिने भाजीवर भुरभुरायला होतो. चार-पाच नारळांच्या वड्या कर आणि विसर्जनाला वाटून टाक.

पेढ्यांना उपाय एकच, येणाऱ्यांना आधी सांगणं. "पेढे आणू नका, आणायचंच असेल तर तांदूळ किंवा गूळ आणा" असं जवळच्या माणसांना बिनदिक्कत सांगावं. घरात टिकतं, नाहीतर पुढे एखाद्या संस्थेला न उघडता देता येतं. खव्याचा पेढा बाहेर दोन-तीन दिवस बरा. जास्त जमले तर कुस्करून दुधात आटव, किंवा कणकेत भरून खव्याच्या पोळीसारख्या पोळ्या कर. त्या मुलांच्या डब्याला छान होतात.

फुलांचं कुणी जाणकार सांगा. माझ्याकडे कुंड्या सोडून काही नाही.

सिंहगडरोड_खतवाला

काकूंनी हाक मारली म्हणून लिहितो. आमच्या सोसायटीत खताचे हौद बांधले तेव्हापासून ती जबाबदारी माझ्याकडे आहे.

आधी हे का करायचं ते. पुण्याचा कचरा कित्येक वर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर जात राहिला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, गावकऱ्यांना पुन्हा पुन्हा आंदोलनं करावी लागली. त्या ढिगाऱ्यात सगळ्यात जास्त त्रास देतो तो ओला कचरा. हवा न लागता कुजला की त्यातून मिथेन निघतो, आग लागते, घाण पाणी जमिनीत मुरतं. म्हणजे आपल्या गौरीजेवणाचा उरलेला भात दुसऱ्या कुणाच्या तरी गावात जाऊन कुजतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात २०२२ साली जगभर वाया गेलेल्या अन्नाचा अंदाज १०५ कोटी टन दिला आहे, आणि त्यातलं ६० टक्के घरांतलं. भारतातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो. चौघांच्या घरात २२० किलो झाले. त्यामुळे काकू सांगतायत ते आधी, खत नंतर. खताचा हौद आहे म्हणून निर्धास्तपणे अन्न टाकणारी घरं मी बघतो, आणि मला ते अजिबात आवडत नाही.

आता निर्माल्य. फुलं, दूर्वा, पत्री, केळीची पानं यांचं खत उत्तम होतं, अट एकच, की ते निवडायला हवं. हारातला दोरा, जरीची पट्टी, प्लॅस्टिकची फुलं, तार, थर्माकोलचे मणी, सगळं काढायचं. नंतर हौदातून ते वेचणं अशक्य असतं. हार घेतानाच साध्या सुती दोऱ्यातला घ्यावा. आमच्याकडे आरतीनंतर मुलं बसून निवडतात. झेंडूच्या पाकळ्या सुट्या करायच्या, देठ तोडायचे, कारण अख्खं फूल लवकर कुजत नाही.

घरच्या घरी करायचं तर भोकं पाडलेली बादली किंवा जुना माठ घ्या. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळलेल्या पानांचा थर, मग निर्माल्य आणि भाज्यांची सालं, पुन्हा वाळकी पानं. ओल्याच्या दुप्पट सुकं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. वास येतोय म्हणजे ओल जास्त आणि हवा कमी. मग सुकी पानं घालून खालीवर करायचं. आंबट ताकाचा हबका मारला तर काम लवकर सुरू होतं. गणपतीच्या हवेत अळ्या दिसतात, त्यांना घाबरू नका, त्या कचराच खातात. दीड-दोन महिन्यांत मातीसारखा वास यायला लागला की खत तयार. तेलकट भाजी, आमटी, भजी मात्र त्यात घालू नका.

हे जमणार नसेल तर निर्माल्य नदीत सोडू नका, विसर्जनाच्या ठिकाणी निर्माल्य कलश असतात तिथे द्या. आणि घरी कचरा न्यायला येणाऱ्या "स्वच्छ"च्या ताईंना ओलं-सुकं वेगळं करूनच द्या. ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, त्यांची मूळ संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ पासूनची. आमटी सांडलेला पेढ्याचा बॉक्स त्यांना विकता येत नाही. कोरडा, चपटा केलेला पुठ्ठा विकता येतो, त्याचे पैसे त्यांना मिळतात. सणात एवढं केलं तरी त्यांची पाठ वाचते.

मूर्ती शाडूची असेल तर बादलीत विरघळवून ती माती ठेवा, पुढच्या वर्षी कामाला येते. प्लॅस्टरची असेल तर ती पाण्यात तशीच राहते. तिला अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात बुडवायची पद्धत पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवली आणि २०१६ पासून महापालिकेने ती राबवली. तळाशी खडूसारखा चुना बसतो, वरचं पाणी अमोनियम सल्फेटचं, म्हणजे खताचं. पातळ करून झाडांना घालता येतं.

मखर कापडाचं, पुठ्ठ्याचं किंवा लाकडी घडीचं करा. थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे. जेवणालाही चकचकीत कागदी ताटल्या नकोत, त्यांना आतून प्लॅस्टिकचा थर असतो, त्या कुजत नाहीत आणि विकल्याही जात नाहीत. चाळीस स्टीलची ताटं मंडपवाल्याकडे भाड्याने मिळतात.

बाणेरवाला

काकू, दिवाळीच्या फराळाचंही लगे हाथ सांगाल का? आमच्याकडे तुळशीच्या लग्नापर्यंत चिवडा खवट होतो आणि शंकरपाळ्यांना कुणी हात लावत नाही. आणि तळणीच्या तेलाचं काय करायचं?

नारायणपेठ_काकू

फराळाचं दुखणं असं की प्रत्येक घर सात-आठ पदार्थ करतं आणि तेच सात-आठ पदार्थ शेजारून, नणंदेकडून, ऑफिसातून परत घरात येतात. चार दिवसांनी सगळ्यांचेच डबे भरलेले. आमच्या घरी तिघी जावा मिळून वाटून घेतो. एकीने चिवडा आणि शेव, दुसरीने चकली आणि कडबोळी, मी लाडू आणि करंज्या. मग आपापसांत देवाणघेवाण. प्रत्येकीचं दोन पदार्थांत निभावतं आणि ते ताजे, मन लावून होतात. अनारसे ज्याला आवडतात त्याच्यापुरतेच. पीठ तयार असलं तर ते डब्यात राहतं, लागतील तसे तळा. चकलीचंही तेच. किलो भाजणीच्या साठेक चकल्या होतात, तेव्हा आधी अर्ध्या किलोच्या करा. उरलेली भाजणी पुढच्या महिन्यात ताजी तळली तर मुलं उड्या मारतात.

चिवडा खवट होतो तो दाणे आणि खोबऱ्यामुळे. एका मोठ्या डब्यातून रोज काढला की रोज हवा लागते. तीन लहान डब्यांत भरा आणि एकेक उघडा. उजेडात, गॅसजवळ ठेवू नका. चकलीचा आणि शेवेचा चुरा मिसळीवर घाला.

लोकांना द्यायचा फराळ प्लॅस्टिकच्या खोक्यांतून देऊ नका. स्टीलच्या डब्यात द्या, डबा परत येतो. आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत, त्यात चार लिंबं, नाहीतर मूठभर साखर तरी येते. ही रीत फार चांगली आहे, ती जपा. फक्त डब्याच्या तळाशी आपलं नाव रंगाने लिहून ठेवा.

तळणीसाठी कढई लहान घ्या, म्हणजे तेल कमी लागतं. भज्यांचं तेल गाळून आठ दिवसांत फोडणीला संपवा, पण पुन्हा पुन्हा तळायला वापरू नका. काळपट, फेसाळ, चिकट झालं की ते पोटात जाऊ द्यायचं नाही. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांसाठी तर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, २०१८ पासूनचा नियमच आहे, तेलातली टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारी खराब द्रव्यं) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल बाद. घरी आपण रंगावरून आणि वासावरून ओळखायचं. ते मोरीत ओतू नका, नळी तुंबते. झाकणाच्या बाटलीत साठवा आणि सोसायटीत सगळ्यांनी मिळून वापरलेलं तेल नेणाऱ्याला द्या, त्याचं बायोडिझेल करतात. थोडंच असेल तर जुन्या वर्तमानपत्रात टिपून घ्या. बाटलीवर "खराब तेल" असं मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर घरातलं कुणीतरी त्यातच पापड तळतं.

आणि कर्वेनगरच्या मुली, पुरणाला गूळ पिवळा, मऊ घे. डाळ आदल्या रात्री भिजव.